रकाना चौथा

सकाळी साडेआठला पान उघडायला घेतलं
की सेहेचाळीस सेकंद.
वॉशिंग्टन तेवढ्यात माते ओततो,
थर्मास काखेत, इथे सगळ्यांच्याच काखेत असतो तसा,
पहिला कडू घोट स्वतः पितो
आणि दुसरा माझ्याकडे सरकवतो.
पांढऱ्या पडद्यावर ते चक्र फिरत असतं
घाण्याच्या बैलासारखं.

आम्ही बंदरावरच्या थंड कंटेनरांचं सॉफ्टवेअर करतो.
आत गोठलेलं मांस, बाहेर मोन्तेविदेओचा वारा.
आमचा प्रत्येक बदल आधी बिल्ड सर्व्हरमधून जातो
चाळणीतून पीठ जावं तसा,
आणि त्याचा हिशेब या पानावर:
तीनशे बारा ओळी,
हिरवे ठिपके, लाल ठिपके.

सगळे म्हणाले, मेमरी वाढव.
वाढवली. सेहेचाळीसचे पंचेचाळीस झाले.
सगळे म्हणाले, नवी डिस्क घे.
ग्रिसेल्दाने सही करताना असं बघितलं
जणू डिस्क तिच्या दागिन्यांवर येणार होती.
चव्वेचाळीस.

मग एका शुक्रवारी, सगळे गेल्यावर,
पान उघडत असतानाच मी सर्व्हरला टोकलं:
आत्ता, या क्षणी, तू करतोयस काय?
दहा वेळा विचारलं.
दहाही वेळा एकच उत्तर.
रकाना चौथा. ‘शेवटचं यश.’

एकाच ओळीसाठी तो मागे मागे चालला होता.
आज दुपारचं बिल्ड, नापास.
आज पहाटेचं, नापास.
काल रात्रीचं.
प्रत्येकाची चिमुकली फाइल उघडायची, वाचायची, मिटायची,
नऊ हजार आठशे एकतीस फायली,
नऊ वर्षं,
अगदी पहिल्या दिवसापर्यंत.
डोंगर पोखरून उंदीरही नाही.
आणि कुणी पान पुन्हा उघडलं
की पुन्हा पायथ्यापासून,
कारण सापडलं नाही, हे लिहून ठेवायला
त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

ओळीचं नाव सुर-७.
मालक एदगार्दो बेंतान्कोर,
निवृत्त होऊन पायसान्दूला गेलेला, मधमाश्या पाळायला.
माझं बोट डिलीटवर होतं.
नऊ वर्षं नापास होणाऱ्याला
कोणती शाळा ठेवून घेते?
तरी फोन केला.

‘अजून नापास होतं ना?’ त्याने घाईने विचारलं.
‘दिवसातून तीनदा.’
‘देवाची कृपा.’
मला वाटलं, म्हातारा वाहवला.
‘अगं, तो कंटेनर खोटा आहे. मी बनवलेला.
आतलं मांस वितळलंय, अधिक नऊ अंश,
आणि दर आठ तासांनी तो तुमच्या दाराशी येऊन म्हणतो,
मी ठणठणीत आहे, मला बोटीवर चढवा.
तुम्ही त्याला नाही म्हणताय
तोवर खुशाल झोपा.
ज्या दिवशी तो हिरवा होईल
त्या दिवशी मला नको, बंदराला फोन कर.’

‘मग नकाराला हिरवा ठिपका का नाही दिलास?’
बराच वेळ नुसत्या माश्या.
‘शुक्रवार होता,’ तो म्हणाला.

सोमवारी मी प्रत्येक ओळीपाशी एक चिठ्ठी ठेवली:
कुठवर पाहिलं, काय मिळालं.
सुर-७च्या चिठ्ठीवर:
यश नाही. इथवर पाहून झालंय.
मागील पानावरून पुढे चालू.

पान दीड सेकंदात उघडलं.
वॉशिंग्टनचा थर्मास काखेतून निघालाही नव्हता.
‘बिघडलं का काय?’ म्हणाला,
आणि खात्री करायला त्याने ते दोनदा उघडलं.
ग्रिसेल्दाने विचारलं, डिस्क परत घेतील का.

सुर-७ लाल आहे.
त्याच्या चौथ्या रकान्यात एक आडवी रेघ.
उलटं करून हिरवं करता आलं असतं,
शुक्रवारही नव्हता.
मी फक्त नावापुढे लिहिलं, हे लालच हवं,
आणि माते परत केलं.
गार झालं होतं.